डायलच्या डाव्या टोकाला

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि बाहेर अजून मिट्ट काळोख आहे. माझ्या भाचीचा मुलगा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय. गाडी चालू आहे, आत रेडिओही चालू आहे. बंद दारांमधून फक्त ड्रमचा ठोका बाहेर झिरपतो आणि बर्फाच्या खरखरीत मिसळतो. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराला खेटून डब्लिन नावाचं उपनगर आहे. नगरहून इथं येऊन मला बारा दिवस झालेत. बाराही दिवस हा मुलगा असाच काळोखात निघून जाताना मी खिडकीतून पाहिलाय. आज त्याच्याबरोबर निघालोय.

दार उघडतो तसा आवाज अंगावर येतो. दोन गिटारी, खाली बेसची घरघर, आणि वर एक गळा जो गात नाही, ओरडतो.

"सॉरी, मामाआजोबा." त्याचा हात बटणाकडे जातो.

"राहू दे. कमी करू नकोस."

मी हे त्याचं मन राखायला म्हणत नाही. आकाशवाणीत माझी एकतीस वर्षं ट्रान्समीटरशेजारी गेली. आवाज निघतो कसा, हे मला स्क्रू-बोल्टांसकट माहीत आहे. तो कुठं जाऊन पोचतो, कोणाच्या गाडीत, कोणाच्या स्वयंपाकघरात, हे एकतीस वर्षांत कधी शेजारी बसून पाहायला मिळालं नाही. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची, ती कार्यक्रम विभागाकडे जायची. आमच्याकडे यायची ती तक्रार, काल रात्री खरखर होती म्हणून.

समोरच्या पडद्यावर आकडा आहे, ८८.७. बघताक्षणी कळतं की हे केंद्र धंद्याचं नाही. अमेरिकेत एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्यातला डाव्या टोकाचा, ८८ ते ९२ पर्यंतचा भाग बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलाय. विद्यापीठं, सार्वजनिक प्रसारणाची केंद्रं, आणि अशी भक्तीची केंद्रं या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहतात. आपल्याकडे धार्मिक संस्थेला खासगी एफएमचा परवाना मिळतच नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला हा कोपराच नवलाचा.

हे रेडिओयू. शहराच्या ईशान्येला वेस्टरविल नावाचं गाव आहे, तिथून चालतं. सरकारदरबारी नाव डब्ल्यूयूएफएम. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या बहुतेक केंद्रांची नावं डब्ल्यूनं सुरू होतात, पश्चिमेकडची केनं. १९९६ पासून ते तरुणांसाठी ख्रिस्ती रॉक लावतंय. जाहिराती नाहीत. ऐकणाऱ्यांनी पाठवलेल्या पैशांवर चालतं.

गाडी २७० क्रमांकाच्या रिंगरोडला लागते. ओलेंटँजी नदीवरून जाताना खाली काही दिसत नाही, फक्त पुलाचे कठडे आणि पलीकडे काळी पोकळी. एका उड्डाणपुलाखाली शिरतो तेव्हा क्षणभर गाणं फाटतं आणि पुन्हा जुळतं. लहर काँक्रीटवर आपटून दोन वाटांनी अँटेनाशी येते, म्हणून असं होतं. मी हे मोठ्यानं सांगतो. तो मान डोलावतो. "मला वाटायचं, माझी गाडीच जुनी आहे."

गाणं संपतं आणि दोन निवेदक बोलायला लागतात. मुलगा सांगतो, वर्गणीचे दिवस आहेत. म्हणजे 'वर्गणी' हा शब्द मी मनात घातला, तो फंडरेझर म्हणाला. निवेदक हसत-खेळत बोलतात, पण मुद्दा सोडत नाहीत. इथं जाहिराती नाहीत, हे तुमच्या पैशांवर चालतं, तुम्ही रोज ऐकत असाल आणि अजून दिलं नसेल तर आज द्या. मग फोन नंबर. मग वेबसाइट. मग पुन्हा फोन नंबर. मध्येच एका आईचा निरोप वाचतात. मुलगा गाडीत हेच लावतो म्हणून मीही ऐकते, सोबतचे वीस डॉलर त्याच्यासाठी. मग एका गॅरेजचे आभार मानतात. मी कान टवकारतो. गॅरेजचं नाव सांगितलं, कुठं आहे ते सांगितलं, काय काम करतात ते सांगितलं. 'या', 'करून घ्या', 'इतक्यात करून मिळेल', 'सगळ्यांत उत्तम' यांतलं काही नाही. नियमच तसा आहे. बिगरव्यापारी केंद्रानं मदत करणाऱ्याचं नाव घ्यावं, पण भाव सांगू नये, तुलना करू नये, गिऱ्हाईकाला हाक मारू नये. आभार आणि जाहिरात यांच्यामध्ये क्रियापदाच्या एका रूपाची भिंत उभी केलीय, आणि मला ती आवडते.

आमच्या घरी १९६० च्या दशकातला व्हॉल्व्हचा रेडिओ होता. दर वर्षी वडील पोस्टात जाऊन त्याच्या परवान्याचे पैसे भरायचे. परवान्याचं पुस्तक असायचं. ऐकणाऱ्याच्या पैशावर चालणारा रेडिओ तोही होताच, पण तिथं कायदा होता. न भरता ऐकलं तर गुन्हा. तो परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला. इथं हा मुलगा एक पैसा न देता आयुष्यभर ऐकू शकतो, त्याला कोणी विचारणार नाही.

"तू देतोस?"

"दहा डॉलर. दर महिन्याला." तो आरशात बघून लेन बदलतो. "कार्डातून आपोआप जातात."

कॉलेज सांभाळून तो शनिवार-रविवार एका दुकानात खोकी उचलतो. दहा डॉलर म्हणजे तिथलं तासाभराचंसुद्धा काम नाही, पण त्याच्या महिन्यात ते जाणवतात, हे मला त्याच्या आईकडून माहीत आहे.

"का देतोस?"

त्याला मराठी जुळवायला वेळ लागतो. "मी ऐकतो. मग मी द्यायला पाहिजे ना?"

नगरला आमच्या देवळात हंगामाचा सण व्हायचा. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या घरात आजही देऊळच म्हणतात. सणाला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, कोंबडी, पाटीभर बोरं, जे असेल ते घेऊन यायचे आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. एका वर्षी एका म्हातारीनं एकच अंडं आणलं. ते कुणीतरी बारा आण्यांना घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. दुसऱ्यानं रुपयाला घेतलं, परत ठेवलं. तिसऱ्यानं घेतलं. तासभर ते अंडं विकलं जात राहिलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. पाळक हसून हसून बेजार झाले होते आणि म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. आत्ता या गाडीत ते निवेदक ज्या उत्साहानं आकडा वर चढवत नेतायत, तो आवाज मी त्या अंगणात ऐकलेला आहे. बायबलमधल्या विधवेनं दान केलेल्या दोन टोल्यांवर प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण त्या टोल्या मला आठवतात त्या अंड्याच्या रूपात.

पुन्हा गाणं. हे स्किलेट नावाच्या बँडचं आहे, असं पडद्यावर येतं. टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये १९९६ सालीच हा बँड सुरू झाला, म्हणजे बँड आणि केंद्र एकाच वयाचे. "यांच्या ड्रमवर २००८ मध्ये एक इंग्लिश मुलगी आली," तो सांगतो. "अठरा वर्षांची होती." हे तो अशा सुरात सांगतो, जशा सुरात मी त्याच्या वयात तबलावादक झाकीर हुसेनचं वय सांगायचो. पुढचं गाणं रिलाएंट के यांचं. ते तर ओहायोतल्याच कँटनचे.

त्यानंतर जे लागतं त्यातला एक शब्द मला कळत नाही. नुसती किंकाळी आहे. मी विचारतो, काय म्हणतोय?

तो आवाज थोडा कमी करतो. "देवावर रागावलाय. म्हणतो, तू कुठे होतास."

"आणि हे देवाचं गाणं?"

"हो."

मला पटतं. स्तोत्रसंहितेत दावीद देवाशी असाच भांडतो, देवळात आम्ही ते संथ चालीत वाचतो म्हणून भांडण लक्षात येत नाही, एवढंच. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. हा गायक ती तक्रार तक्रारीच्याच आवाजात करतोय.

या संगीताला अमेरिकेतही सुखासुखी जागा मिळाली नाही. १९६९ साली लॅरी नॉर्मन या कॅलिफोर्नियातल्या लांब केसांच्या तरुणाचा 'अपॉन धिस रॉक' हा आल्बम कॅपिटॉल कंपनीनं काढला. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. पुढं शेजारच्या इंडियानात फोर्ट वेनला १९७२ मध्ये पेट्रा हा बँड निघाला. चर्चमधली थोरली मंडळी म्हणाली, गिटार आणि ड्रम ही नाचगाण्याची वाद्यं, त्यांत देवाचं नाव घालून ती पवित्र होणार नाहीत. १९८७ साली जिमी स्वॅगर्ट या टीव्हीवरच्या नामांकित धर्मोपदेशकानं या संगीताविरुद्ध अख्खं पुस्तक काढलं आणि त्याला मेंढीच्या कातड्यातला लांडगा म्हटलं. त्याच लॅरी नॉर्मनचा १९७२ चा एक आल्बम आता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत आहे.

हा वाद मला परका वाटत नाही. आमच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलंय की त्यांच्या लहानपणी देवळात तबला आणायचा की नाही, यावरून वडीलधाऱ्यांत अबोला झाला होता. ऑर्गन चालेल, तबला नको. तबला तमाशातला. आणि त्याच नगरात नारायण वामन टिळक येशूवर अभंग लिहीत होते, ओवी लिहीत होते, ख्रिस्ती कीर्तनं करत होते. टिळकांचं म्हणणं सरळ होतं. मराठी माणसाला प्रभू मराठी चालीत भेटला पाहिजे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि लोकांच्या प्रेमावर विसंबून 'देवाचा दरबार' मांडला. दोनच वर्षांनी ते गेले. 'उपासना संगीत' उघडलं की आजही पानापानावर त्यांचं नाव दिसतं. तबल्यावरून अबोला धरणाऱ्यांची नातवंडं आज तबल्याशिवाय गात नाहीत.

हे सगळं मी त्याला सांगत नाही. सिग्नलला गाडी थांबते. पूर्वेला करडा उजेड फुटतोय. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ काळा पडलाय. अचानक तो आपणहून बोलतो, इंग्रजीत. अकरावीत असताना मला झोप लागायची नाही. आईला सांगितलं नव्हतं. रात्री दोन-अडीचला गाडीत येऊन बसायचो, गॅरेजमध्येच, आणि हे लावायचो. इंजिन बंद ठेवून, नुसता रेडिओ. निवेदक नसायचेच त्या वेळी, गाणीच. पण वाटायचं की कुणीतरी जागं आहे.

सिग्नल हिरवा होतो.

मी काही बोलत नाही. रात्रपाळीला ट्रान्समीटर हॉलमध्ये एकटा बसलेला असायचो तेव्हाची ती गुणगुण माझ्या कानात येते. पंख्यांची. प्रसारण संपायला अर्धा तास असायचा, काट्यांवर नजर असायची, आणि मनात यायचं, या वेळी कोण ऐकत असेल? बहुधा कोणीच नाही. तरी काटा जागेवर ठेवायचो.

वेस्टरविल येतं. स्टेट स्ट्रीटवर जुनी विटांची दुकानं आहेत, दिवे अजून लागलेले. "केंद्राची इमारत बघायची का?" तो विचारतो. मी नको म्हणतो. मशिनं मी पाहिलीयत. आज जे पाहायचं होतं ते या सीटवरून दिसतंय.

त्याचं कॉलेज, ऑटरबाइन, १८४७ पासून या गावात आहे. त्याचे तास संपेपर्यंत मी सार्वजनिक वाचनालयात वेळ काढतो. तिथल्या छोट्या संग्रहालयात अँटी-सलून लीगचे कागद मांडलेत. दारूबंदीसाठी लढणारी ही संघटना १८९३ साली ओहायोतच ओबर्लिनला जन्मली आणि १९०९ मध्ये या गावात आली. इथल्या छापखान्यातून पत्रकं, पोस्टर्स, साप्ताहिकं टनावारी निघायची आणि टपालानं देशभर जायची. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली, त्यात या कागदांचाही जोर होता. १९३३ मध्ये ती उठलीही. मला काचेतल्या पोस्टर्सपेक्षा लीगच्या पैशाची गोष्ट धरून ठेवते. रविवारी चर्चमध्ये कार्डं वाटायचे आणि लोक त्यावर दरमहा किती देणार तो आकडा लिहून सही करायचे. आकडे लहान, कार्डं अगणित. शंभर वर्षांपूर्वी कागद, आज लहर. बाकी दरमहा द्यायच्या त्या लहान आकड्यात या गावात काही फरक पडलेला नाही.

परतताना बर्फ पडायला लागतो. तो अगदी हळू चालवतो. निवेदक बदललेत. सकाळी ऐकलेला वर्गणीचा आकडा बराच वर गेलाय. एक ट्रकवाला फोनवर आहे. तो म्हणतो, शहर सोडलं की तुमचं एफएम माझ्या हातून निसटतं, मग फोनवर इंटरनेटवरून लावतो. मी नकळत मान डोलावतो. एफएमची लहर नजरेइतकीच लांब जाते, जमिनीची गोलाई आली की संपली. आमच्या वडिलांचा रेडिओ होता शॉर्टवेव्हचा. ती लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून समुद्रापलीकडून यायची. सेशेल्स बेटांवरून फेबा या संस्थेचं ख्रिस्ती प्रसारण यायचं, हिंदीतून. वडील कान सेटला लावून बसायचे. आवाज यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. आई म्हणायची, अहो, जेवण निवतंय. वडील बोट वर करायचे. दोन वाक्यं ऐकू आली तरी त्यांचा चेहरा उजळायचा. त्या लोकांना पैसे पाठवायची वाट मात्र त्यांच्याकडे नव्हती. हे त्यांनी एकदा मला बोलून दाखवलं होतं, की फुकट ऐकतोय रे आपण.

घरी भाचीनं भाकरी टाकलीय. पीठ तिला इथल्या भारतीय दुकानात मिळतं, ज्वारीचंच, पण थोडं जुनं असतं म्हणून कडा चिरतात, असं ती म्हणते. "मामा, कान शाबूत आहेत ना? मी तर त्याच्या गाडीत बसतच नाही."

"शाबूत आहेत."

जेवण झाल्यावर मी पाकिटातून वीस डॉलरची नोट काढून मुलाच्या हातात ठेवतो. "हे त्या केंद्राला पाठव."

"मामाआजोबा, तुम्ही परत जाणार दोन आठवड्यांत. तुम्ही कुठे ऐकणार?"

"आज ऐकलं ना दोन तास."

तो नोट खिशात घालतो आणि फोनवर स्वतःच्या कार्डानं पैसे भरायला घेतो. "नाव काय लिहू?"

"तुझ्या पणजोबांचं लिही."

तो मान वर करून बघतो. मग स्पेलिंग विचारतो. मी सांगतो, तो एक-एक अक्षर टाकतो. पणजोबा रेडिओ ऐकायचे का, असं तो विचारतो. मी सांगायला बसतो. सेटबद्दल, वर केलेल्या बोटाबद्दल, परवान्याच्या पुस्तकाबद्दल. भाची ताटं आवरता आवरता ऐकतेय. तिनंही यातलं अर्धंच ऐकलेलं असतं. सांगता सांगता मी हंगामाच्या सणावर येतो आणि त्या अंड्यावर. बारा आणे, रुपया, सव्वा रुपया. तो मोठ्यानं हसतो.

"मग ते शेवटी कोणी घेतलं?"

"तुझ्या पणजोबांनी. सव्वापाच रुपयांना. पगार किती होता तेव्हा, ते विचारू नकोस."

"आणि खाल्लं कोणी?"

"खाल्लं नाही. माझ्या आईनं ते खुडूक कोंबडीखाली ठेवलं."